बारावं खोकं

१२ एप्रिल

मायना रिकामा सोडला आहे. एकोणीस वर्षांनी तुला काय म्हणून हाक मारायची ते मला ठरवता आलं नाही. तूही तुझ्या पत्रात मला काही म्हटलेलं नाहीस, तेव्हा फिटंफाट.

पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत माझं इंग्रजी शब्दांच्या शेपट्यांचं पुस्तक लावलं आहे. त्यात ‘एबल’ या शेपटीचा धडा का नाही, असं ती विचारते. तिच्या बाई म्हणाल्या, लेखिकेलाच विचार, म्हणून तू विचारते आहेस. खाली सही. ना कशी आहेस, ना जिवंत आहेस का. सख्ख्या बहिणीला लोक याहून जास्त लिहितात. गॅसचा सिलिंडर बदलून देणाऱ्यालाही मी याहून जास्त लिहिते.

उत्तर घे. पानं कमी पडली. प्रकाशकाने छापखान्यात जाता जाता सोळा पानं कापली, त्यात तो धडा गेला. गेली अठरा वर्षं शिक्षक मला हेच विचारतात आणि मी हेच सांगते.

मुलगी हुशार दिसते. पुस्तकात काय आहे हे सगळेच वाचतात, काय नाही हे बघणारं पोर विरळा. तिला सांग की शेपटी लागली की इंग्रजी शब्दाची जात बदलते. ‘काइंड’ म्हणजे दयाळू, त्याला ‘नेस’ लावला की दया. ‘टीच’ला ‘अर’ लावला की फळ्यापुढे एक माणूस उभा राहतो. पण ‘कुक’ला ‘अर’ लावला तर माणूस नाही, भांडं मिळतं, हे तिला आधीच सांगून ठेव. पस्तीस वर्षांच्या नोकरीत निम्म्या वर्गाने आपापल्या आईला कुकर म्हटलेलं मी तपासलं आहे. आणि ‘लेस’ म्हणजे कमी नव्हे. ‘फिअरलेस’ म्हणजे थोडा भित्रा नव्हे. ‘लेस’ लागला की मुळातली गोष्ट उरतच नाही.

लेखिका तुझी मावशी लागते, हे तिला सांगितलं आहेस का? नसशील. तू कशाला सांगशील! जी बाई एका गुरुवारी सकाळी दोन साड्या आणि आईचा फोटो पिशवीत घालून निघून जाते, चिठ्ठी ना चपाटी, ती पोरीला काय सांगणार? मी शाळेतून आले तर दाराला कुलूप आणि चावी शेजारच्या काकूंकडे. त्या म्हणाल्या, ‘का हो बाई, बहिणीला कुठे पाठवलंत?’ मी म्हटलं, ‘कामाला पाठवलंय.’ आठ महिने मी त्यांना तेच सांगत होते.

आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि मी तेवीस. तुला आठवत नसलं तर आठवण करून देते.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर वर आलेलं आहे.

— लेखिका


२६ एप्रिल

हे पत्रही मायन्याशिवाय.

चिठ्ठी ठेवली होती म्हणतेस. सोमवारी. ट्रेमध्ये, कार्डांच्या गठ्ठ्यावर, लाल पेन्सिलीखाली, नेहमीसारखी. संध्याकाळी तू बघितलंस तर कार्ड तिथे नव्हतं, म्हणजे मी वाचलं. गुरुवारी चार वाजेपर्यंत तू माझी वाट बघितलीस आणि मी आले नाही. हे सगळं तू तीन वाक्यांत लिहिलं आहेस, आणि तिन्ही वाक्यं खटल्यात साक्ष द्यावी तशी.

असं कुठलंही कार्ड मला मिळालेलं नाही.

आपल्या घराची पद्धत काय होती ते मला शिकवू नकोस, ती मीच घातलेली आहे. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. पुढे शाईने शब्द, अर्थ आणि शेपटी. मागे पेन्सिलीने घरातले निरोप, कारण कोरा कागद घरात टिकतच नसे. पुढची बाजू पुस्तकाची, मागची बाजू घरची. तू दिवसभर कार्डं लिहून ट्रेमध्ये ठेवायचीस, मी शाळेतून आल्यावर एकेक तपासायचे, कोपऱ्यात लाल खूण, खाली तारीख, आणि शेपटीप्रमाणे ज्या त्या खोक्यात. निरोप असला तर कार्ड पालथं ठेवायचं. अबोला असला की तर सगळा संसार त्या पालथ्या कार्डांवरच चालायचा. आणि अबोला काही कमी वेळा नसायचा आपल्याकडे. एकदा तर आपण सतरा दिवस बोललो नव्हतो, आणि भाजी काय आणायची ते ‘एम्प्लॉयमेंट’च्या पाठीवर ठरत होतं.

त्या सोमवारी मी चाळीस कार्डं तपासली असतील. रोजच तपासत होते. एकेक आठवायला मी काय यंत्र आहे?

आणि त्याच्या आदल्या रविवारचं बोलायचं तर तेही बोलू. तो तुझा बाइंडर घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला, आणि म्हणाला, ‘ताई, आम्ही दोघांनी ठरवलंय. तुमचा आशीर्वाद हवा.’ मला ताई म्हणाला! माझ्यासाठी पुठ्ठ्याची खोकी बनवून द्यायला म्हणून ज्याला बोलावलं, तो एक खोकं दिलं की पंधरा दिवसांनी दुसरं घेऊन यायचा. मला वाटायचं कारागीर हळू हाताचा आहे. बारा खोक्यांना सहा महिने लावले त्याने, आणि मी, चाळीस पोरांच्या वर्गात मागच्या बाकावरची चिठ्ठी पकडणारी, माझ्याच घरात आंधळी राहिले.

हो, मी त्याला म्हटलं की दिवसभर खळ लावणाऱ्या माणसाने माझ्या बहिणीचं स्वप्न बघू नये. त्याच्या तोंडावर म्हटलं. तो उठला, चप्पल घातली आणि जाताना दार हळू लावून गेला. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग तू मला जे बोललीस ते तुला आठवत असेल. ‘तुला बहीण नको होती, तुला कार्डं लिहायला कुणीतरी हवं होतं.’ एवढं बोलून तू आतल्या खोलीत गेलीस, आणि अबोला तुझ्याकडून सुरू झाला. माझ्याकडून नाही. नोंद असू दे.

माझी चूक दाखवायची तर पुरावा दाखव.

— तीच


१० मे

पत्र मिळालं. या वेळी दोन ओळी. बरीच प्रगती आहे, पुढच्या वेळी नुसती सही पाठव.

‘खोकी उघडून बघ आणि जे दिसेल ते खरं लिही. खरं लिहिलंस तर सुट्टी संपायच्या आत मुलीला घेऊन येते, नाहीतर तिला सांगेन की पानं कमी पडली, आणि मग हे पत्र शेवटचं.’

धमक्या द्यायला कधी शिकलीस? माझ्याकडूनच शिकली असशील.

तरी बघितलं. तुझ्यासाठी नाही, तुला खोटं पाडण्यासाठी. माळ्यावरून खोकी उतरवायला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईला बोलावलं, कारण माझे गुडघे आता स्टुलावर चढत नाहीत. तिने विचारलं, ‘काय आहे हो यात?’ मी म्हटलं, ‘शेपट्या.’ पुढची खोकी तिने हात लांब करून खाली दिली.

आठवडा लागला. जेवणाच्या टेबलावर एकेक खोकं उपडं केलं आणि प्रत्येक कार्ड पालथं करून बघितलं. ‘नेस’च्या खोक्यात नऊशे बारा. ‘लेस’मध्ये तीनशेच्या वर. मग ‘फुल’, ‘मेंट’, ‘अर’, ‘हूड’, ‘शिप’, ‘इश’, ‘शन’, ‘ली’, आणि किरकोळ शेपट्यांचं एक. एकूण अकरा खोकी, आणि तू म्हणतेस तसं कार्ड कशातही नाही.

पण इतर बरंच काही सापडलं, तेही लिहिते, म्हणजे मी खरंच बघितलं हे तुला कळेल. ‘कूलनेस’च्या पाठीवर तुझं अक्षर: ‘दूध उतू गेलं. शेगडी पुसली आहे. ओरडू नकोस.’ ‘केअरलेस’च्या पाठीवर माझं: ‘छत्री परत हरवलीस. आता डोक्यावर पाट घेऊन जा.’ त्याखाली तुझं: ‘पाट सापडत नाही.’ हे वाचून मी हसले. एकटीच, टेबलापाशी. मग लक्षात आलं की शिंपीणबाई दारात उभी आहे.

‘चाइल्डहूड’च्या मागे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘ताप एकशे एक. आज उठायचं नाही. गोळी उशाशी आहे. मी मधल्या सुट्टीत येऊन जाईन.’ त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घामाघूम होऊन धावत आले होते आणि तू बिछान्यात बसून कार्डं लिहीत होतीस, अंगात ताप असताना. मी तुझ्या हातातून टाक काढून घेतला नाही. ‘एवढा गठ्ठा संपव मग झोप’ म्हटलं. हे कार्डावर लिहिलेलं नाही, मला आठवतं आहे. रविवारी तू जे बोललीस ते तू कशावरून बोललीस, हे त्यामुळे मला थोडं कळलं. थोडंच.

आणि एक गोष्ट. खोकी अजून शाबूत आहेत. एकाचाही कोपरा सुटलेला नाही, कापडाची पट्टी उसवलेली नाही. एवढं मात्र म्हणावं लागेल.

बघितलं, सापडलं नाही, लिहिलं. आता तुझी जबान पाळ.

— ताई


१९ मे

बारा होती. मला माहीत आहे.

तुझ्या पत्रात दुसरं काही नव्हतं. ‘खोकी बारा होती.’ तीन शब्द. तुझ्या नवऱ्याने मोजून बनवली होती, तेव्हा तुमच्या घरात हा आकडा कुणी विसरणार नाही हे मला कळायला हवं होतं. पस्तीस वर्षं पोरांच्या थापा पकडल्या आणि स्वतः थाप मारायची वेळ आली तर आकडा लिहून बसले.

बारावं खोकं माळ्यावर नाही. ते माझ्या कपाटात खालच्या फळीवर आहे, चादरींच्या मागे. एबलचं. एकोणीस वर्षांत मी ते उघडलेलं नाही.

प्रकाशकाने एकही पान कापलं नाही. उलट तो बिचारा तीनदा घरी आला. ‘बाई, एबलशिवाय शेपट्यांचं पुस्तक म्हणजे काय राहिलं? पोरांना रोज लागणारी शेपटी आहे ती.’ मी म्हटलं, ‘माझं पुस्तक आहे, मला कळतं.’ त्याने कपाळाला हात लावला आणि तसंच छापलं. त्या धड्याला खोकं उघडावं लागलं असतं. बाकी काही कारण नाही.

आता ऐक. सोमवारी शाळेतून आले. तू आतल्या खोलीत होतीस, दार लोटलेलं. मी ट्रेपाशी बसले. वरचं कार्ड पालथं होतं, त्यावर लाल पेन्सिल आडवी ठेवलेली. मी पेन्सिल उचलली आणि पहिला शब्द वाचला. ‘ताई’. पुढे बरंच लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, काठापर्यंत.

मला वाटलं, माफी मागते आहे. दुसरं काय असणार? दर अबोल्यात पहिलं कार्ड तूच लिहायचीस, आणि तेही एका दिवसात. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि त्या आनंदातच मला दुष्टपणा सुचला. म्हटलं, इतक्या लवकर नाही. मला काय वाटेल ते बोललीस, आता दोन-चार दिवस तिष्ठत राहा. मी कार्ड वाचलं नाही. उलटं केलं, पुढच्या बाजूचा शब्द तपासला, लाल खूण केली, तारीख घातली आणि खोक्यात टाकलं. रविवारी सावकाश वाचू, मग तुला माफ करू, असा माझा बेत होता. रविवारी तुझ्या आवडीचं काहीतरी करायचं, हेसुद्धा ठरलेलं होतं.

मंगळवारी तू स्वयंपाकघरात माझ्याकडे सारखी बघत होतीस. बुधवारीही. मला ते दिसत होतं. मी जिंकते आहे असं मला वाटत होतं.

गुरुवारी तू गेलीस. त्यानंतर खोकं उघडायचं तर मला दोनच गोष्टी सापडल्या असत्या. एक तर त्यात माफी असणार, म्हणजे मी ती न वाचून तुला घालवलं. किंवा दुसरं काहीतरी असणार, आणि ते काय असेल याचा विचार मी करूच दिला नाही स्वतःला. त्यापेक्षा चिठ्ठी नव्हतीच, असं म्हणणं सोपं होतं. पहिलं वर्षभर मला माहीत होतं की मी खोटं बोलते आहे. पुढे तेही माहीत राहिलं नाही. तुझं पत्र येईपर्यंत मी अगदी मनापासून मानत होते की तू एक ओळ न लिहिता गेलीस, आणि त्यावर मी तुझा यथेच्छ राग करून घेतला आहे. त्या रागावर मी जगले म्हटलंस तरी चालेल.

खोकं अजून उघडलेलं नाही. उद्या उघडते.

— ताई


२० मे

शेपटे,

तुला या नावाची चीड होती, पण माझ्याकडे तुझं दुसरं नाव नाही. लहानपणी तू माझ्या पदराला धरून शाळेपर्यंत यायचीस तेव्हा सगळी गल्ली म्हणायची, बाई निघाल्या आणि बाईंचं शेपूट निघालं.

सकाळी आंघोळ करून बसले. खोक्यात ते कार्ड वरून सातवं होतं. ‘ड्रिंकेबल’. पिण्याजोगं. शब्दात काही अर्थ शोधू नकोस, माझा शोधून झाला आहे, काही नाही. हाताला येईल ते कार्ड घेतलंस तू. कोपऱ्यात माझी लाल खूण, त्याखाली सोमवारची तारीख, चांगली ठसठशीत. तुला पुरावा दाखव म्हटलं होतं, तो माझ्याच अक्षरात निघाला.

मागची बाजू वाचली. तू काय लिहिलं होतंस ते तुला पाठ असेल, पण मी आज पहिल्यांदा वाचते आहे, म्हणून उतरवून काढते.

‘ताई, माफी मागत नाही, कारण बोलले ते खोटं नव्हतं. पण त्याखेरीजही बरंच खरं आहे आणि ते तुला माहीत आहे. गुरुवारी चार वाजता नोंदणी कचेरीत लग्न आहे. तीन साक्षीदार लागतात. दोघे त्याच्याकडचे आहेत. तिसऱ्या सहीची जागा मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही. काही बोलू नकोस, नुसती येऊन सही कर आणि जा. सामान न्यायला नंतर दोघे येऊ, तुझ्या पाया पडू. नाही आलीस तर मी समजेन की मी आता तुझी कुणी नाही, आणि परत येणार नाही.’

मी माफीची वाट बघत होते आणि तू मला जागा ठेवली होतीस. चार वाजता मी दुसऱ्या मजल्यावर आठवीच्या वर्गाला ‘नेस’ शिकवत होते. कचेरी शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. मी चालत आले असते.

तिसरी सही शेवटी कुणी केली? ते तू कधी लिहिलं नाहीस. कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणारा कुणीतरी असेल, तुझं नावही ठाऊक नसलेला. त्याचा मला राग येतो आहे, त्या बिचाऱ्याचा! अजूनही राग करायला दुसरंच माणूस शोधते आहे मी, बघ.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तू कार्डावर मागितली नाहीस, मी पत्रात मागत नाही. पण मी चुकले. तू मला वेळेवर सांगितलं होतंस, साधं, सरळ, नेहमीच्या जागी. मी हातात घेऊन ठेवून दिलं. तुझ्या मुलीला हे सांगायचं असेल तर सांग, काही लपवू नकोस. आणि तुझ्या नवऱ्याला सांग की खळीबद्दल मी जे बोलले ते आज मला शब्दन् शब्द आठवतं, आणि खोकी उत्तम आहेत.

तू म्हणाली होतीस, खरं लिहिलंस तर येईन. मी पहिल्या सांगण्यात लिहिलं नाही, तीन पत्रं खोटं बोलले, तेव्हा तो करार माझ्याकडूनच मोडला. येऊ नकोस असं म्हणत नाही. यावंस असं किती वाटतं ते लिहायला बसले तर तुला वाटेल की म्हातारी आता रडून काम काढते आहे. तू ठरव. ट्रे मी धुऊन टेबलावर ठेवला आहे, एवढंच सांगते.

मुलीचा प्रश्न मात्र राहायला नको. दिवसभर बसून एबलचा धडा लिहिला, सोबत पाठवते आहे. तिच्या बाईंनाही दाखवू दे. सुरुवात अशी केली आहे: क्रियापदाला ‘एबल’ लागला की ती गोष्ट करता येण्याजोगी होते. ‘रीडेबल’ म्हणजे वाचता येण्याजोगं. कुणी ते वाचलं की नाही, हे शेपटी सांगत नाही. मुलं इथे नेहमी चुकतात, म्हणून पहिल्याच पानावर घातलं आहे.

धड्यामागे शब्दांची यादी जोडली आहे. खोक्यात दोनशे चौदा कार्डं होती, यादीत दोनशे तेरा शब्द आहेत. मुलगी मोजेल आणि विचारेल, ती तशीच दिसते. ‘ड्रिंकेबल’ या पाकिटात आहे, मूळ कार्ड. मागच्या बाजूला, तुझ्या शेवटच्या ओळीखाली अगदी थोडी जागा उरली होती. तिथे मी सही केली आहे आणि आजची तारीख घातली आहे.

— ताई